इंदुताईंचं मन ठीक आहे

निपाणी,
३ मार्च २०२५

सौ. इंदुताई यांस,
सिद्रामकडून जय ख्रिस्त.

ओळखलं नसेल तर सांगतो. वडगावात आपण ज्या यंत्रमागाच्या शेडमध्ये कामाला होतो, तिथला सिद्राम जॉबर. मागांची दुरुस्ती माझ्याकडं होती. ती शेड सोडून निपाणीला आलो, तंबाखूच्या वखारीत लागलो, आता घरीच असतो. आमची अंबुबाई दोन वर्षांमागं वारली. तिच्या आजारपणात शेजारच्या शेवंताबाई आणि त्यांच्या चर्चमधल्या बायका रोज येऊन तिला आंघोळ घालत होत्या, अंथरूण धूत होत्या. ती गेल्यावर मी त्यांच्या चर्चला जायला लागलो. गेल्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. तब्येत बरी आहे, गुडघा सोडून.

पत्रास कारण की, काल रविवारी मी चर्चमध्ये साक्ष दिली. साक्ष म्हणजे कोर्टातली न्हाय. आपण पूर्वी कसे होतो आणि प्रभूनं आपल्याला कसं सावरलं, ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं असतं. मी तुमच्या बोटांचं सांगितलं. २००६ ची दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. तुम्ही बंद मागाच्या दातेरी चाकात अडकलेला धागा काढत होता. मी पलीकडच्या बाजूनं आलो आणि न बघता हँडल ओढलं. माग चालू झाला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

साक्ष चांगली झाली. दोन-तीन माणसं रडली. पाळकसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि देवानं मला क्षमा केली असं सांगितलं. अठरा वर्षांचं ओझं उतरलं. बाहेर आल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, "त्या बाईंना हे माहीत आहे का?" मी म्हटलं, "न्हाय." ते म्हणाले, "मग कळवा." म्हणून कळवत आहे.

तुम्हाला काही करायचं नाही. पत्ता शेडमधल्या भावकूनं दिला. तुमच्या यजमानांना, अमृतला, नमस्कार सांगावा, किंवा न सांगितला तरी चालेल.

आपला,
सिद्राम


वडगाव, बेळगाव,
१४ मार्च २०२५

सिद्रामअण्णा यांस नमस्कार.

पत्र मिळालं. अंबुआक्का गेल्याचं वाचून वाईट वाटलं. त्या शेडवर डबा घेऊन यायच्या तेव्हा माझ्यासाठी वेगळी शेंगाची चटणी आणायच्या.

तुमच्या देवानं तुम्हाला क्षमा केली हेही वाचलं. चांगलं झालं. पण बोटं माझी होती.

तुमच्या चर्चला रविवारी किती माणसं असतात ते लिहा. मी साठ धरली आहेत. म्हणजे माझी बोटं कशी गेली ते निपाणीतल्या साठ माणसांना माझ्याआधी कळलं. मी एकसष्टावी.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, असं तुम्ही लिहिलंय. मला माहीत आहे ते असं. मी माग बंद करून मगच हात घातला होता, हे मला आठवत होतं. दवाखान्यातून आल्यावर मी ते मालकांना सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, ह्यांना सांगितलं. सगळे म्हणाले, चालू मागात हात घातलास, तुझं ध्यान नव्हतं. एवढी माणसं एकच म्हणायला लागल्यावर आपण एकटं किती दिवस वेगळं आठवत बसणार. संक्रांतीपर्यंत मलाही तसंच आठवायला लागलं. तेव्हापासून मी हलगर्जी बाई. अजून मी गॅस पेटवायला गेले की हे "जपून गं" म्हणतात. सतरा वर्षं मी इथल्या मराठी शाळेत दुपारच्या जेवणाचा, बिसिऊटचा, स्वयंपाक करते. दीडशे मुलं, रोज पाच किलो कांदा. एकदाही हात कापला नाही. त्याचं मला नवल वाटायचं.

एकच विचारायचं आहे. मी चालू मागात हात घातला, असं पहिल्यांदा कोण म्हणालं?

फोन नंबर पाठवू नका. फोनवर समोरचा मधे बोलतो.

इंदू


निपाणी,
२२ मार्च २०२५

सौ. इंदुताई यांस जय ख्रिस्त.

पत्र पोचलं. तुम्ही "चांगलं झालं" असं लिहिलंय ती तुमची क्षमा समजून मी बुधवारच्या प्रार्थनेत पत्र वाचायला घेतलं. तेवढ्या ओळीवर थांबलो. दोघांनी "आमेन" म्हटलं. शेवंताबाईंनी पत्र हातात घेतलं, पुढची ओळ बघितली आणि म्हणाल्या, "सिद्रामअण्णा, ही क्षमा न्हाय."

त्या रविवारी बहात्तर माणसं होती, लहान मुलं धरून.

तुम्ही विचारलंय त्याचं उत्तर, मीच म्हणालो. पण त्याला कारणं होती, ती सांगितली पाहिजेत. एक तर चोवीस मागांचा आवाज. त्यात लाइट जाऊन आली होती. लग्नसराईच्या साड्यांची ऑर्डर होती आणि मालक सकाळपासून अंगावर येत होते. अंबुबाईला त्या आठवड्यात ताप होता, माझी झोप झाली नव्हती. चाकावरचं झाकण मीच सकाळी तेल घालायला काढलं होतं, ते परत बसवायचं राहिलं, कारण मधेच दुसऱ्या मागाकडं बोलावलं. अशा वेळी सैतान माणसाच्या जिभेवर बसतो असं आमच्यात म्हणतात. मालकांनी विचारलं आणि तोंडातून ते निघून गेलं.

आता तुमची क्षमा मागतो. आमच्यात शिकवतात की क्षमा करणाऱ्याचंही मन हलकं होतं. प्रभूनं तर वधस्तंभावर असताना मारणाऱ्यांना क्षमा केली, आणि त्यांनी ती मागितलीही नव्हती. मी मागतोय. ज्याचा अपराध केला त्याच्याशी समेट झाल्याशिवाय प्रभुभोजनाला हात लावू नये असं पाळकसाहेब म्हणतात. प्रभुभोजन म्हणजे भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस. १८ एप्रिलला उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आणि २० तारखेला पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर, आहे. त्याआधी तुमचा होकार आला तर बरं होईल. पोस्टाला चार-पाच दिवस धरावेत.

आपला,
सिद्राम


वडगाव,
२ एप्रिल २०२५

सिद्रामअण्णा यांस नमस्कार.

कारणं वाचली. पहिल्यांदा वाचून बरं वाटलं. म्हटलं, बिचाऱ्याचा काय दोष. आवाज होता, झोप नव्हती, बायको आजारी. तसं लिहायला पानही घेतलं होतं. मग भाकऱ्या करताना डोक्यात आलं, ही सगळी कारणं धरली तर तुमची चूकच उरत नाही. मग मी क्षमा कशाची करू? फळीवरून तांब्या पायावर पडला तर आपण तांब्याला क्षमा करत नाही.

हँडल ओढलंत, त्याची कारणं मी घेते. शेडमध्ये असं होतं. पण मालकांनी विचारलं तेव्हा आजूबाजूचे माग बंद केले होते. सगळे गोळा झाले होते. आवाज नव्हता. तिथलं कारण तुम्ही लिहिलेलं नाही.

प्रभूंनी न मागता क्षमा केली असं लिहिलंय. ते देव होते. मी वडगावात राहते.

आणखी एक. आमची करिष्मा तेव्हा सात वर्षांची होती. दहावी झाल्यावर तिला आयटीआयला जायचं होतं. मशीनची आवड पहिल्यापासून, घरातला पंखा तिनेच खोलून नीट केला होता. मी जाऊ दिलं नाही. मशीन आपल्या घराला लाभत नाही, आपल्या हातातच खोट आहे, असं सांगितलं आणि हात दाखवला. हात बघितल्यावर पोर काय बोलणार. बी.कॉम. झाली, आता टिळकवाडीत एका वकिलांकडं टायपिंग करते. हे तुमच्या साक्षीत नसणार.

क्षमेचं नंतर बघू. तुम्ही खरं निपाणीत सांगितलंत, खोटं निपाणीत सांगितलं नव्हतं. मालक वारले, सासूबाई वारल्या. हे आहेत, करिष्मा आहे. मी दोघांना अजून काही बोललेली नाही. तुम्ही येऊन सांगायचं. रविवारी दोघंही घरी असतात.

इंदू


निपाणी,
२५ एप्रिल २०२५

सौ. इंदुताई यांस.

उशीर झाला. दोन पत्रं लिहून फाडली. दोन्हीत कारणं होती.

खरं असं आहे की मी घाबरलो. तुमचा हात बघितला आणि तुमचं काय होईल हे मनात यायच्या आधी माझी नोकरी जाणार हे आलं. मालक म्हणाले, "कसं झालं रं?" मी म्हटलं, "बाईनं चालू मागात हात घातला." तुम्ही तिथंच खाली बसला होता. तुम्ही ऐकलं असणार असं मला वाटत होतं, म्हणून तीन महिन्यांत मी वडगाव सोडलं. सैतान वगैरे कोणी न्हवतं. मी होतो.

रविवारी भाकरीचं तबक आलं ते मी न घेता पुढच्याला दिलं. सगळ्यांनी बघितलं. बाहेर विचारल्यावर सांगितलं, अजून त्या बाईंची क्षमा मिळालेली नाही. मग बुधवारच्या प्रार्थनेत चर्चमधल्या एका भावानं "बेळगावच्या त्या भगिनीचं कठीण मन, प्रभू, तू मऊ कर" अशी सुरुवात केली. प्रार्थना बरीच लांबली. तिसऱ्यांदा "कठीण मन" आलं तेव्हा मी उभा राहिलो. प्रार्थनेत असं मधेच उभं राहत नाहीत. म्हटलं, "इंदुताईंचं मन ठीक आहे. माझं सांगायचं अजून राहिलंय." सगळ्यांनी डोळे उघडले. तो भाऊ "आमेन" म्हणून खाली बसला.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब घरी आले. मी विचारलं, "देवानं क्षमा केली म्हणालात, मग हे अजून का चाललंय?" ते चहा घेत बसले. बशी खाली ठेवून म्हणाले, "क्षमा झाली म्हणजे प्रकरण मिटलं असं नव्हे, सिद्राम. ज्याला क्षमा झाली त्याला खरं बोलायला भ्यायचं कारण उरत नाही, एवढंच." मी म्हटलं, "मला तर भ्या वाटतंय." म्हणाले, "तरी जा." सोबत येतो म्हणत होते. मी नको म्हटलं.

४ मे रोजी रविवारी अकरापर्यंत येतो. अमृत मारेल असं वाटतं. मारला तर मारू दे. तुम्ही मधे पडू नका.

सिद्राम


वडगाव,
१६ मे २०२५

सिद्रामअण्णा यांस नमस्कार.

तुम्ही गेल्यानंतरचं लिहिते, कारण तुमच्यासमोर काहीच झालं नाही. तुम्ही उंबऱ्याच्या आत आलात आणि बसा म्हटलं तरी बसला नाहीत. "अमृत, हँडल मी ओढलतं. खोटं मी सांगितलं. हिची काय चूक न्हवती." एवढंच बोललात. कारण एकही सांगितलं नाहीत, ते माझ्या लक्षात आलं. हे "बरं" म्हणाले. करिष्मा आत गेली. तुम्ही चपला घातल्यात. मार बसला नाही म्हणून तुम्हाला चुकल्यासारखं झालं असेल.

दोन दिवस हे कामाला जाऊन येत होते. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "तू मला सांगितलंवतंस. माग बंद केलता म्हणून."

मी म्हटलं, "व्हय."

"आणि मी सिद्रामचं ऐकलं."

"व्हय."

मग आपलं ताट घेऊन उठले आणि मोरीत जाऊन घासलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पहिल्यांदाच. ताटाला साबण तसाच होता. मी परत धुतलं नाही, तसंच फळीवर ठेवलं. आता गॅसजवळ मी गेले की ह्यांचं तोंड उघडतं आणि मिटतं.

हे सोपं होतं. करिष्माचं सोपं नव्हतं. त्या रविवारी दुपारी ती म्हणाली, "आई, मशीन आपल्याला लाभत न्हाय हे कुणी ठरवलं?"

मी सांगायला बसले. तुझी आजी असं म्हणाली, मालक तसं म्हणाले, सिद्राम खोटं बोलला, तुझे वडीलसुद्धा माझ्यावर विश्वास ठेवत नव्हते, मग मी काय करणार होते. बराच वेळ बोलले. ती ऐकत होती. बोलता बोलता मला वाटलं, हे कुठंतरी वाचलंय. तुमचं मार्चमधलं पत्र होतं ते. नुसता आवाज माझा.

मी थांबले. मग म्हटलं, "मी घाबरले आणि तुला अडवलं. तू विचारलंस तेव्हा नीट ऐकूनसुद्धा घेतलं न्हाय. माझी चूक झाली."

ती "बरं" म्हणाली, अगदी बापासारखं, आणि सोमवारचा ड्रेस इस्त्री करायला गेली. बारा दिवस झाले. बोलते, जेवते, ऑफिसला जाते. त्या गोष्टीवर एक शब्द नाही. मी तिला तारीख घातलेली नाही.

मागणारा दारात उभा राहतो तेव्हा त्याला काय वाटतं, ते मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. म्हणून हे पत्र.

इंदू


निपाणी,
२४ मे २०२५

सौ. इंदुताई यांस.

साक्षीनंतर मला लई हलकं वाटलं होतं. वडगावहून येताना तसं काही वाटलं न्हाय. संकेश्वरला बस थांबली, उतरून दोन केळी खाल्ली आणि परत जागेवर बसलो.

चर्चमध्ये आता सगळ्यांना पुढचं ऐकायचं आहे. अमृतनं काय केलं, पोरगी काय म्हणाली. परत साक्ष द्या म्हणतात. मी सांगितलं, ती गोष्ट माझ्या एकट्याची न्हाय, त्या घरात विचारल्याशिवाय बोलणार न्हाय. काहींना ते आवडलं नाही. शेवंताबाईंनी मात्र घरी भाजी पाठवली.

क्षमेचं मी परत विचारणार नाही. आधी विचारलं ते उधारी मागायला आल्यासारखं विचारलं. ती तुमची आहे. दिली तर दिली, नाही तर नाही. रविवारी मी जातो, बसतो, तबक आलं की पुढं देतो. आता कुणी वळून बघत नाही. पाळकसाहेबांना विचारलं, असंच राहिलं तर चालेल का. ते म्हणाले, "देवाचं देवानं केलंय. माणसाचं माणसाच्या वेळेनं होतं. त्याला थांबता येतं, तूही थांब."

करिष्माला माझा काही निरोप नाही. निरोप पाठवायचा मला अधिकार नाही. तुम्ही तिला जे बोललात ते मी दोनदा वाचलं. मला ते एकदा बोलायला अठरा वर्षं लागली. तुम्ही एका दुपारी बोललात.

सिद्राम


वडगाव,
१४ जून २०२५

सिद्रामअण्णा यांस नमस्कार.

शाळा सुरू झाली. या वर्षी मुलं वाढली आहेत, म्हणून माझ्या हाताखाली नीलम म्हणून एक नवी बाई दिली आहे. पिरनवाडीहून येते. कामाला बरी आहे, प्रश्न फार विचारते.

करिष्मानं अजून उत्तर दिलेलं नाही. गेल्या रविवारी सकाळी लवकर उठून म्हणाली, "आई, बाबा काम करतात ती शेड मला बघायची हाय." माझी बोटं गेली तीच शेड. तिघं गेलो. रविवार म्हणून माग बंद होते. ती एका मागाभोवती फिरली, खाली वाकून बघितलं, बापाला चार-पाच गोष्टी विचारल्या. मग मला म्हणाली, "तू कुठं उभी होतीस?" मी दाखवलं. ती त्या जागेवर उभी राहिली. हँडलकडं बघितलं. तिथून हँडल दिसत नाही. परत येताना माझा डावा, बोटं गेलेला हात तिनं धरला होता. मोठी झाल्यापासून ती माझा उजवाच हात धरायची. त्याला उत्तर म्हणायचं की नाही ते मी ठरवलेलं नाही. तिला वेळ लागणार असेल तर लागू दे.

आता तुमचं. परवा गुरुवारी सकाळी आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. नीलमनं विचारलं, "आक्का, तुमची बोटं कशी गेली?"

हा प्रश्न मला नवा नाही. आजवर मी एकच सांगत आले, माझ्याच चुकीनं गेली. या वेळी म्हटलं, "एका माणसानं न बघता माग चालू केला."

"अगं बाई. कोण तो?"

"होता शेडमधला एक. आता निपाणीला असतो."

"मेल्याला काही शिक्षा झाली का न्हाय?"

मी म्हटलं, "असं बोलू नको. बरा माणूस आहे."

तिनं पुढचं सूप ओढलं आणि नवऱ्याच्या मोटरसायकलचं काहीतरी सांगायला लागली. मी खडे काढत होते. थोड्या वेळानं माझं मलाच ऐकू आलं की मी काय म्हणाले. परत घ्यावं का ते बघितलं. घ्यावंसं वाटलं नाही.

तुमच्यात ज्याला क्षमा म्हणतात ते हेच का, मला माहीत नाही. मला वाटायचं ती ठरवून, देवासमोर हात जोडून करायची असते. हेच असेल तर ती गुरुवारी सव्वानऊच्या सुमारास झाली. चूक तुमचीच होती, त्यात बदल नाही. हवा गार पडली की बोटांची जागा दुखते, तेही तसंच राहील. हे कधी तुमचा विषय निघाला तर अजून गप्प होतात, त्यांचं ते बघतील.

रविवारी तबक आलं की घ्या.

इंदू